9821: एका मुंबईकर मोबाईल कंपनीची वाढ आणि अस्त

भाईंदर पश्चिमेच्या पत्त्यात एक विसंगती कायमची वस्तीला आहे. टपाल खाते या गावाला 401 101 हा क्रमांक देऊन ठाणे जिल्ह्यात ठेवते, तर दूरध्वनीचा 022 हा संकेतांक त्याला मुंबईत बसवतो. दहिसरच्या जकात नाक्यापाशी मुंबई महापालिकेची हद्द संपत होती; पण टेलिफोन खात्याच्या लेखी मुंबई त्यापुढेही चालू राहिली. शहराची व्याख्या नकाशावरून नव्हे, तर एक्स्चेंजवरून करायची, ही तऱ्हा आम्हांला इतिहासाच्या दृष्टीने फार बोलकी वाटते. मोबाईलचे परवाने वाटताना सरकारने नेमके हेच केले. ‘मुंबई’ म्हणजे मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण टेलिफोन्सची स्थानिक सेवाक्षेत्रे. उरलेले राज्य, गोव्यासह, ‘महाराष्ट्र’. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने जे जोडले, ते दूरसंचार खात्याच्या एका परिशिष्टाने पुन्हा वेगळे केले; आणि त्यावर एखादा अग्रलेखही लिहिला गेल्याचे आमच्या स्मरणात नाही.

या ‘मुंबई’त वाढलेल्या आणि याच मुंबईत संपलेल्या एका कंपनीबद्दल आम्ही येथे लिहीत आहोत. नाव बीपीएल मोबाईल. पुढे लूप मोबाईल. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी एका फोन कंपनीचा इतिहास का वाचावा, असे कुणी विचारील. छापखान्यांचा आणि नियतकालिकांचा इतिहास आपण वाचतोच; गेल्या तीस वर्षांत मराठी माणसाने लिहिलेल्या मजकुराचा फार मोठा भाग ज्या साधनावरून गेला, त्याच्या मालकांची चौकशी करू नये असे थोडेच आहे?

बीपीएल हे घराणे मुळात मुंबईचे नव्हे. टी. पी. जी. नंबियार यांनी 1963 मध्ये केरळात पालक्काड येथे मोजमापाची उपकरणे बनवण्यासाठी ते सुरू केले. नव्वदीत ते घरोघरी पोचले ते रंगीत दूरचित्रवाणी संचांमुळे. चार महानगरांतील मोबाईल सेवेसाठी 1992 मध्ये निविदा निघाल्या आणि लगेच न्यायालयात अडकल्या. ‘टाटा सेल्युलर विरुद्ध भारत सरकार’ या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै 1994 मध्ये दिला. सरकारी निर्णयात न्यायालयाने कोठवर लक्ष घालावे, याविषयी तो निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. त्या वर्षाच्या अखेरीस प्रत्येक महानगरात दोन-दोन परवाने दिले गेले. मुंबईत एक हचिसन मॅक्सला, दुसरा बीपीएलला. नंबियार यांचे जावई राजीव चंद्रशेखर यांनी ही नवी कंपनी उभी केली. 31 जुलै 1995 रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांच्याशी केलेले संभाषण देशातला पहिला मोबाईल कॉल म्हणून नोंदले गेले, आणि त्याच वर्षी मुंबईतही सेवा सुरू झाली. हचिसनचे क्रमांक 9820 ने सुरू होत, बीपीएलचे 9821 ने.

प्रारंभीचा दर मिनिटाला सुमारे 16 रुपयांपर्यंत जाई. आणि आलेला फोन घेण्याचेही पैसे पडत. ही दुसरी गोष्ट आजच्या विद्यार्थ्याला सांगितली तर तो आपल्याकडे संशयाने पाहतो. समोरच्याने बोलावे आणि बिल आपण भरावे! ‘मिस्ड कॉल’ नावाची जी मूक भाषा आपल्याकडे निर्माण झाली, तिचे मूळ या दरपत्रकात आहे. एक वाजवणी म्हणजे ‘पोचलो’, दोन म्हणजे ‘खाली ये’. संकेतांची एक अख्खी व्यवस्था फुकटात उभी राहिली आणि तिचा एकही पैसा कंपनीला मिळाला नाही. सामान्यांनी बांधलेल्या या चिन्हव्यवस्थेवर मराठीत कुणी प्रबंध लिहायला हवा होता.

त्याच दशकात भाईंदर कसे होते हे पाहिल्यावाचून कंपनीच्या वाढीचा अर्थ लागत नाही. 1985 मध्ये मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली, 2002 मध्ये महानगरपालिका. 1991 च्या जनगणनेत येथे सुमारे पावणेदोन लाख माणसे होती. 2001 मध्ये सव्वापाच लाखांच्या आसपास. पश्चिमेला मिठागरे, स्टीलच्या भांड्यांचे कारखाने; राई, मुर्धे, मोर्वे ही जुनी आगरी गावे, आणि टोकाला उत्तनचे कोळीवाडे. दहा वर्षांत तिपटीने वाढलेल्या वस्तीला तारेचा दूरध्वनी पुरवणे कुणालाच झेपणारे नव्हते. अर्ज करावा, वाट पाहावी, तोवर नाक्यावरच्या पिवळ्या एसटीडी-पीसीओत रांग लावावी, हा रिवाज. सकाळच्या गाडीने चर्चगेटला जाणारा माणूस दिवसभर घरापासून तुटलेला असे. उपनगराला मोबाईल लागला तो मिरवायला नव्हे, तर अंतर सोसण्यासाठी. पण ज्याला गरज त्याला परवडत नाही, आणि ज्याला परवडतो त्याच्या टेबलावर आधीच दोन फोन, अशी पहिली काही वर्षे गेली.

दर उतरले ते धोरणामुळे आणि स्पर्धेमुळे. 1997 मध्ये नियामक प्राधिकरण आले. 1999 च्या नव्या धोरणाने ठरीव परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा घ्यायचे ठरवले. 2001 मध्ये महानगर टेलिफोन निगमने ‘डॉल्फिन’ आणले, 2002 च्या डिसेंबरात रिलायन्स उतरली, आणि 1 मे 2003 पासून येणारे कॉल फुकट झाले. तो नेमका महाराष्ट्र दिन होता. ‘मुंबई’ आणि ‘महाराष्ट्र’ ही दूरध्वनीची परिमंडळे मात्र वेगळीच राहिली. त्यांच्यातील कॉल एकाच परिमंडळातले मानायला 2005 उजाडले.

दर उतरताच लोक लिहू लागले. येथे आम्हांला थोडे रेंगाळायचे आहे. लघुसंदेशात रोमन लिपीची 160 अक्षरे मावत. देवनागरी वापरली की मर्यादा 70 वर येई. त्यातही काना, वेलांटी, हलन्त हे प्रत्येक चिन्ह स्वतंत्र मोजले जाई. ‘क्षितिज’ या शब्दात डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात. यंत्र सात मोजते. म्हणजे एकच निरोप देवनागरीत लिहिला तर दोन संदेशांचे पैसे. त्यात पुष्कळशा संचांवर देवनागरी उमटतच नसे. मराठी माणूस रोमनमध्ये लिहू लागला म्हणून विद्वानांनी त्याला बोल लावले. पण त्याने लिपी सोडली ती अभिमान सुटला म्हणून नव्हे, हिशेब कळत होता म्हणून. ‘भ्रमणध्वनी’ हा शब्द घडवणाऱ्यांनी 70 अक्षरांच्या या जाचाकडे लक्ष दिले असते, तर अधिक उपयोग झाला असता असे आमचे मत आहे.

कंपनीच्या मालकीची कथा याहून गुंतागुंतीची. बीपीएलची दुसरी शाखा महाराष्ट्र-गोवा, तमिळनाडू आणि केरळ या परिमंडळांत होती. 2005 मध्ये चंद्रशेखर यांनी आपला हिस्सा एस्सारला विकला. तीन परिमंडळे हचिसनच्या जाळ्यात मिसळली. मुंबई तेवढी बाहेर राहिली. हचिसनचा तेथे स्वतःचा परवाना होताच. आणि एकाच परिमंडळातील दोन परवानाधारकांत दहा टक्के वा अधिक भांडवल ठेवायला मनाई होती. अशा रीतीने एक देशव्यापी होऊ पाहणारी कंपनी एका शहरापुरती उरली. चंद्रशेखर यांनी पुढे ज्युपिटर कॅपिटल स्थापून प्रसारमाध्यमांत गुंतवणूक केली; मल्याळम ‘एशियानेट’ आणि कानडी ‘कन्नड प्रभा’ त्यांच्या समूहात आले. मुंबईच्या संभाषणांवर उभे राहिलेले घर माध्यमांत गेले, पण मराठीत नव्हे.

2009 मध्ये बीपीएल मोबाईलचे ‘लूप मोबाईल’ झाले. ग्राहक तीस लाखांच्या घरात होते. भगिनी कंपनी लूप टेलिकॉमने 2008 मध्ये देशभर मिळवलेले परवाने सर्वोच्च न्यायालयाने 2 फेब्रुवारी 2012 रोजी रद्द केले. रद्द झालेल्या एकूण 122 परवान्यांत ते होते. त्यासंबंधीच्या फौजदारी खटल्यातील आरोपी 2017 मध्ये निर्दोष सुटले. मुंबईचा जुना परवाना या सगळ्यापासून अलग होता, पण त्याची वीस वर्षांची मुदत नोव्हेंबर 2014 मध्ये संपत होती. फेब्रुवारी 2014 च्या लिलावात 900 मेगाहर्ट्झच्या लहरी पुन्हा विक्रीस आल्या, तेव्हा बोली लावणाऱ्यांत लूप नव्हती. त्याच महिन्यात एअरटेलने तिचा व्यवसाय सुमारे 700 कोटींना घेण्याचा करार केला. सरकारी मंजुरीअभावी तो नोव्हेंबरात मोडला. ग्राहकांना क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे वळवून घेण्यास सांगितले गेले. ती सोय जानेवारी 2011 पासून देशभर होतीच, म्हणून निदान क्रमांक वाचले.

29 नोव्हेंबर 2014 रोजी परवाना संपला. कंपनीवरून गेलेले संदेश कुणी जपले नाहीत, आणि जपावेत असे कुणाला वाटलेही नसेल. भाईंदरच्या जुन्या दुकानांच्या पाट्यांवर मात्र 9821 ने सुरू होणारे क्रमांक अजून आढळतात. फिरवले तर लागतातही, दुसऱ्याच एखाद्या कंपनीच्या जाळ्यावर.