घरातल्या डब्यातली रांग

लेक परदेशात होती, त्यामुळे रविवारी सकाळी नऊचा व्हिडिओ कॉल हा आमच्या घरचा नित्यनेम. एकदा ती फार गंभीर चेहऱ्यानं काही सांगत होती आणि शब्द तुटत होते. ‘बाबा, मी परत…’ एवढंच ऐकू आलं. परत येते, की परत फोन करते? आतल्या खोलीत मुलगा लग्नाचे फोटो इंटरनेटवर चढवत होता. ते थांबवल्यावर आवाज लख्ख झाला. ती परत येत होती, कायमची.

वेग वाढवून घ्या, असं सगळ्यांनी सांगितलं. घेतला. उतरवण्याचा वेग वाढला, चढवण्याचा होता तेवढाच राहिला आणि कॉल तुटायचे ते तुटतच राहिले. तेव्हा कुठं मी या दुखण्याचा इतिहास वाचायला घेतला.

१९८१ साली इंटरनेटचा मूळ नियम लिहिला गेला, तेव्हाच प्रत्येक पॅकेटवर निकडीची खूण करायला तीन बिटांची जागा ठेवली होती. आठ पायऱ्या, त्यांची नावं बरीचशी लष्करी तारांच्या धाटणीची. पण आपलीच तार तातडीची असं प्रत्येकजण म्हणू लागला, तर? १९८५ मध्ये जॉन नेगल यांनी वेगळा उपाय मांडला: प्रत्येक यंत्राची रांग वेगळी ठेवा आणि आळीपाळीनं एकेक पॅकेट सोडा. त्याच टिपणात त्यांनी बजावलं होतं, की पॅकेटं साठवायला अमर्याद जागा दिली तरी कोंडी सुटत नाही.

पुढच्याच वर्षी बर्कलेत प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांच्यात, जेमतेम ४०० यार्डांच्या अंतरावर, वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये त्यावर तोड सांगितली. पॅकेट हरवलं, की पाठवणाऱ्यानं आपला वेग आवरायचा. म्हणजे हरवणं हीच सूचना!

पुढे मेमरी स्वस्त झाली आणि मोडेम-राउटरमध्ये ती सढळ हातानं घातली गेली. हेतू चांगला, एकही पॅकेट वाया जाऊ नये. पण काही हरवतच नाही म्हटल्यावर पाठवणारा थांबेल कशाला? फोटोंची रांग वाढत जाते आणि आपला आवाज तिच्या शेपटाशी उभा राहतो. २०१० साली जिम गेटिस यांना आपल्या घरातच हा घोळ दिसला. त्याला त्यांनी ‘बफरब्लोट’ म्हटलं. (आमच्या घरी याला मी ‘तुंबणं’ म्हणतो.)

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी ‘कोडल’ आणलं. ते रांगेची लांबी पाहत नाही, पॅकेटला किती ताटकळावं लागलं ते पाहतं. ५ मिलिसेकंदांच्या वरचं ताटकळणं १०० मिलिसेकंदांत एकदाही खाली आलं नाही, तर ते पॅकेट टाकू लागतं. एरिक ड्युमाझे यांनी त्याला वेगवेगळ्या रांगांची जोड दिली आणि ते त्याच वर्षी लिनक्समध्ये आलं. घरगुती राउटरवर हे तपासता आलं, कारण २००४ पासून ‘ओपनडब्ल्यूआरटी’सारखी खुली प्रणाली उपलब्ध होती. डेव्ह टॅट आणि इतर स्वयंसेवकांनी त्यावर वर्षानुवर्षं खपून प्रयोग केले.

मी जुन्या राउटरवर तेच चढवलं. चढवण्याचा वेग मुद्दाम प्रत्यक्षापेक्षा दहा टक्के कमी लिहिला, म्हणजे रांग मोडेममध्ये न लागता माझ्या ताब्यातल्या डब्यात लागते. वेग विकत घेऊन कमी करणारा पहिला माणूस, म्हणून मुलगा हसला. आता लेक शेजारच्या खोलीत बसून परदेशातल्या ऑफिसशी बोलते. तो फोटो चढवत असला, तरी तिला कळतही नाही.