परत येण्याची हमी

१८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकीच्या शिक्षणासाठी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना व्हिसा काढावा लागला नाही. हमी मागितली ती आपल्याच समाजाने. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, असे त्यांना बंगालमधील सेरामपूरच्या सभेत सांगावे लागले.

पुढे हमी मागणारा बदलला. १९२४ च्या अमेरिकन कायद्याने प्रवाशांची पारख बंदरावर होण्याआधी परदेशांतील वकिलातींत सुरू केली. भारतीयांना स्थायिक होण्याची बंदी असली, तरी विद्यार्थ्यांसाठी वाट खुली ठेवली. १९५२ च्या कायद्यातील कलम २१४(बी) आणखी पुढे गेले : अर्जदाराने उलट सिद्ध करेपर्यंत तो कायमचा राहायलाच येतो आहे, असे गृहीत धरायचे. म्हणूनच आजही पर्यटक आणि विद्यार्थी मुलाखतीला जाताना घर, नोकरी, ठेवी यांचे कागद सोबत नेतात. वस्तुतः सिद्ध करायचा असतो तो मनातला हेतू, आणि त्याचा कागद मिळत नाही.

आनंदीबाई १८८६ मध्ये पदवी घेऊन परतल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती. पण फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. दिलेला शब्द मात्र त्यांनी कोणत्याही कलमावाचून पाळला होता.