लुकलुकणाऱ्या हेडलाइटचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

आज सावलीत आपण एका छोट्या बिघाडाचा इतिहास बघणार आहोत. विजेवर चालणाऱ्या मोटारीची हेडलाइट लुकलुकते, हा तो बिघाड. मूल–सावली–गडचिरोली रस्त्यावर रात्री गाडी चालवणाऱ्याला तो छोटा वाटत नाही. कडेला धानाची शेतं, मग जंगल, रस्त्यावर बसलेली जनावरं, कधी वाघसुद्धा. ताशी 60 किलोमीटर वेगात अर्धा सेकंद अंधार झाला, तर गाडी 8 मीटर आंधळी धावते.

अशा वेळी मालक म्हणतो, "ही इलेक्ट्रिक गाडी. इथला मेकॅनिक हिला हात कसा लावणार?" इतिहास नीट पाहिला, तर हा बिघाड बहुतेक वेळा गाडीच्या जुन्याच भागात सापडतो. ते कसं, तेवढंच सांगतो.

सुरुवातीच्या मोटारींना तेलाचे, मग कार्बाइडचे दिवे असत. कार्बाइडवर पाणी ठिबकलं की वायू तयार होतो आणि तो पेटतो. ज्योत वाऱ्यानं फडफडायची. 1898 साली अमेरिकेतल्या कोलंबिया मोटारीला विजेचे हेडलाइट मिळू लागले. आणि गंमत बघा, ही मोटार स्वतःच विजेवर चालणारी होती! म्हणजे विजेची हेडलाइट जन्मली इलेक्ट्रिक गाडीत. पण धक्क्यांनी दिव्यातली तार तुटायची, त्यामुळे ती लगेच रुळली नाही.

पुढे पेट्रोलची गाडी जिंकली. 1912 मध्ये कॅडिलॅकनं विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले. बॅटरी भरायला डायनॅमो आला. गाडी उभी राहिली, इंजिन हळू झालं, की दिवे मंद व्हायचे. 1950च्या दशकात 6 व्होल्टच्या जागी 12 व्होल्ट रूढ झाले, 1960 नंतर अल्टरनेटर आला आणि मंद दिव्यांची तक्रार कमी झाली.

आता आपल्याकडे या. जानेवारी 2020 मध्ये टाटांची इलेक्ट्रिक नेक्सॉन बाजारात आली. 1 जून 2022 रोजी एसटीची 'शिवाई' पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. 1948 साली एसटीची पहिली बस याच मार्गावर निघाली होती. इलेक्ट्रिक मोटारीत इंजिन नाही, अल्टरनेटर नाही. चाकं फिरवणारी बॅटरी साधारण 300 व्होल्टच्या वर. पण हेडलाइट, हॉर्न, वायपर अजून 12 व्होल्टवरच! मोठ्या बसमध्ये ते 24 असतात. मोठ्या बॅटरीचा दाब उतरवून ही छोटी बॅटरी भरणारा एक कन्व्हर्टर असतो. अल्टरनेटरचं काम तो करतो. म्हणजे नव्या गाडीच्या पोटात जुन्या गाडीचं वायरिंग तसंच राहिलं.

मग लुकलुकणं जास्त का जाणवतं? जुन्या बल्बची तार तापलेली असते. क्षणभर वीज तुटली तरी ती उजेड देत राहते. एलईडी मात्र तत्क्षणी विझते. 2007 मध्ये लेक्ससच्या गाडीत एलईडी हेडलाइट आली, आणि तिथून पुढे सैल जोडणी डोळ्यांना थेट दिसू लागली. दोष जुनाच, झाकणारी तार गेली.

म्हणून तपासही जुन्याच रीतीनं करायचा. आधी बघा, एकच दिवा लुकलुकतो की दोन्ही? एकच असेल, तर त्या बाजूचा कपलर, अर्थिंगची वायर, दिव्यात शिरलेलं पाणी. आपल्याकडे पावसाळा मोठा, कपलरला हिरवा गंज चढतो. उंदीरही वायर कुरतडतात. खड्ड्यातच लुकलुकत असेल, तर जोडणी सैल समजा. दोन्ही दिवे लुकलुकत असतील, तर 12 व्होल्टची बॅटरी आणि मुख्य अर्थिंग बघा.

मल्टिमीटर लावा. शिशाची चांगली बॅटरी, गाडी काही तास बंद असताना, 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. गाडी 'रेडी' झाली की साधारण 13.5 ते 14.5. आकडा वर चढलाच नाही, तर कन्व्हर्टरकडे संशय जातो. मग दिवे चालू ठेवून दिव्याची अर्थिंग आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्यामध्ये मोजा. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट आला, तर अर्थिंगमध्ये गंज आहे. गाडी बंद करा, बॅटरीचं ऋण टोक काढा, अर्थिंगचा बोल्ट खोला, पॉलिश पेपरनं घासा, घट्ट आवळा. पुन्हा मोजा.

बाजारातून एलईडी बल्ब आणून बसवला असेल, तर आधी मूळ बल्ब लावून बघा. काही गाड्यांचा संगणक बल्ब शाबूत आहे का हे तपासायला विजेचे बारीक ठोके पाठवतो. तारेला ते कळत नाहीत, एलईडी त्यावर लुकलुकते. आणि लुकलुक फक्त मोबाइलच्या व्हिडिओत दिसत असेल, तर तो बिघाडच नाही.

एक मर्यादा मात्र पक्की. केशरी रंगाच्या जाड वायरींना हात लावायचा नाही. त्या मोठ्या दाबाच्या आहेत, जीव जाऊ शकतो. त्या आणि कन्व्हर्टर कंपनीच्या प्रशिक्षित माणसाकडेच.

हे सगळं सावलीत का सांगायचं? 1936 साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन इथं भरलं, गांधीजी आले होते. हे खादीचं गाव. चरखा मोडला तर तो गावातच दुरुस्त व्हायचा. इलेक्ट्रिक गाडीचा सैल बोल्टही गावातच आवळला गेला पाहिजे. नाहीतर ज्या जोडणीला दहा मिनिटं पुरतात, तिच्यासाठी अख्खी हेडलाइट बदलली जाईल, आणि तोवर गाडी रात्री तशीच धावेल.

आता प्रश्न घेऊ.