'इडियट' या शब्दाची कुळकथा

आज 'इडियट' हा शब्द घेऊ या. आम्ही तो वर्गात विद्यार्थ्यांना उद्देशून वापरलेला आहे, हे आधीच कबूल करतो.

ग्रीकमध्ये 'इडिओस' म्हणजे स्वतःचा, खाजगी. त्यावरून 'इडिओटेस': कोणतंही सार्वजनिक पद नसलेला साधा माणूस. वैद्यापुढे वैद्यक न शिकलेला, तोही इडिओटेस. यात शिवी कुठे आली? अथेन्समध्ये राजकारणापासून दूर राहणाऱ्याला 'इडियट' म्हणत, असं व्याख्यानांतून सर्रास ऐकवतात. आम्हीही ऐकवलं आहे. पण थुसिडिडीसने दिलेल्या पेरिक्लीसच्या भाषणात, त्या प्रसिद्ध वाक्यात, अशा माणसाला 'निरुपयोगी' म्हटलंय. इडिओटेस हा शब्द तिथे नाही.

बायबलमध्ये 'प्रेषितांची कृत्ये' यात पेत्र आणि योहान यांना हाच शब्द लावलाय, अर्थ 'सामान्य, न शिकलेले'. लॅटिनमध्ये तो 'इडिओटा' झाला, अडाणी. पण गंमत बघा, १४५० मध्ये निकोलस ऑफ क्यूसाने लिहिलेल्या संवादांत हा इडिओटाच नायक आहे! लाकडी चमचे कोरणारा कारागीर, आणि तो तत्त्ववेत्त्याला मनाचं स्वरूप समजावून सांगतो. पढतमूर्खांची जात आम्हाला घरचीच असल्यामुळे हे पुस्तक आमचं लाडकं.

इंग्लंडात मात्र शब्द कोर्टात गेला, आणि प्रश्न जमिनीचा झाला. जन्मतः बुद्धी नसलेला तो इडियट, नंतर वेड लागलेला तो लूनॅटिक. इडियटच्या जमिनीचा ताबा राजाकडे. त्याच्या पोटापाण्याचा खर्च वजा जाता उत्पन्नही राजाचंच. लूनॅटिकचं उत्पन्न मात्र राजाने त्याच्यासाठीच सांभाळायचं. मग इडियट ठरवायचा कसा? सोळाव्या शतकातल्या एका कायदेग्रंथात कसोटी आहे: वीस पेन्स मोजता येतात का, आईवडील कोण, स्वतःचं वय काय, हे सांगता येतं का. म्हणजे वीस नाणी मोजताना चुकलात, की शेत गेलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मानसशास्त्रज्ञांनी त्याला वर्गीकरणातली सर्वांत खालची पायरी दिली: इडियट, त्यावर इम्बेसाइल, त्यावर मोरॉन. हा 'मोरॉन' अमेरिकेत हेन्री गॉडार्डने १९१० मध्ये घडवला.

आणि आपल्याकडे? १९१२ च्या इंडियन लूनसी अ‍ॅक्टमध्ये 'लूनॅटिक'च्या व्याख्येतच 'इडियट' बसलेला होता. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला तेव्हा तो गेला. आम्ही वर्गात हा शब्द फेकत होतो, तेव्हा तो भारताच्या कायद्यात चालू होता.