मंगळावरचा काळा दगड

मंगळावर आजवर एकही माणूस गेलेला नाही. तिथून मुद्दाम वेचून आणलेला एकही खडा अजून पृथ्वीवर पोहोचलेला नाही. तरीही तिथला दगड कोणत्या जातीचा यावर शास्त्रज्ञांमध्ये चांगला वाद रंगला होता. दगड पाहिला होता तो शेकडो किलोमीटर उंचीवरून, आणि तोही डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात! त्या वादाची गोष्ट आज सांगावीशी वाटते. मी कलाशाखेचा मास्तर, त्यामुळे मला उमजली तशी साध्या भाषेत सांगतो.

सुरुवात करावी लागते १८०० सालापासून. विल्यम हर्शेल हा इंग्लंडात स्थायिक झालेला मूळचा जर्मन वादक. ताऱ्यांच्या नादाने दुर्बिणी बनवू लागला आणि १७८१ मध्ये त्याला युरेनस ग्रह सापडला. पुढे १८०० मध्ये तो लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडून प्रत्येक रंगाची उष्णता तापमापकाने मोजत होता. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथे ठेवलेल्या तापमापकाचा पारा सगळ्यांत जास्त चढला. हेच ते अवरक्त किरण.

शंभर वर्षांनी अमेरिकेत विल्यम कोब्लेंट्झ याने चिकाटीने एक काम केले. निरनिराळे पदार्थ घ्यायचे, त्यांवर अवरक्त किरण सोडायचे आणि कोणता पदार्थ कोणते किरण गिळतो हे लिहून ठेवायचे. १९०५ पासून त्याच्या या नोंदी प्रसिद्ध होऊ लागल्या. त्यांत खनिजेही होती. प्रत्येक खनिजाची खूण वेगळी निघाली, जणू अंगठ्याचा ठसाच.

असे का होते? दगडातले अणू स्वस्थ बसलेले नसतात. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची जोडणी सारखी थरथरत असते. उन्हाने तापलेला दगड स्वतःच अवरक्त किरण बाहेर टाकतो, पण या थरथरीशी जुळणारे किरण त्यातून कमी निघतात. किरणांचा आलेख काढला तर साधारण ८ ते १२ मायक्रॉन या पट्ट्यात एक खळगा दिसतो. दगडात सिलिका जितकी जास्त, तितका तो खळगा कमी लांबीच्या लहरींकडे सरकतो. बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पत्थरात, सिलिका निम्म्याच्या आसपास असते. अँडेसाइटमध्ये साठ टक्क्यांच्या आसपास, तर ग्रॅनाइटमध्ये सत्तरच्या आसपास.

आता मंगळाकडे वळू. नोव्हेंबर १९७१ मध्ये मरिनर ९ हे यान तिथे पोहोचले तेव्हा साऱ्या ग्रहावर धुळीचे वादळ माजले होते. कॅमेऱ्यांना काही दिसेना. पण रुडॉल्फ हॅनेल यांच्या अवरक्त यंत्राने त्या धुळीचाच वर्णपट घेतला आणि सिलिकेचे प्रमाण सुमारे साठ टक्के असावे असा अंदाज निघाला. अँडेसाइटची चाहूल अशी पहिल्यांदा लागली.

पुढचे यंत्र बनवले अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या फिलिप क्रिस्टेन्सन यांनी. ते मार्स ऑब्झर्व्हर यानावर बसवून १९९२ मध्ये पाठवले. ऑगस्ट १९९३ मध्ये मंगळाच्या कक्षेत शिरायला तीन दिवस उरले असताना यानाशी संपर्क तुटला तो कायमचाच. वर्षानुवर्षांची मेहनत एका क्षणात गेली! माणसे मात्र खचली नाहीत. तसेच यंत्र पुन्हा मार्स ग्लोबल सर्व्हेयरवर चढवले आणि सप्टेंबर १९९७ मध्ये ते मंगळापाशी पोहोचले.

वरून दिसणारा वर्णपट अनेक खनिजांचा मिळून असतो. आपल्या घरातल्या जाणत्या बायका गोड्या मसाल्याच्या नुसत्या वासावरून दगडफूल जास्त पडलंय की खोबरं कमी, हे सांगतात ना? तसेच हे काम. प्रयोगशाळेत मोजलेल्या खनिजांचे वर्णपट कमीजास्त प्रमाणात एकत्र करून पाहायचे आणि मंगळाच्या वर्णपटाशी जुळते का ते तपासायचे. बँडफील्ड, हॅमिल्टन आणि क्रिस्टेन्सन यांनी २००० मध्ये निष्कर्ष जाहीर केला: दक्षिणेच्या उंच जुन्या प्रदेशात बेसॉल्ट, उत्तरेच्या सखल मैदानांत अँडेसाइट.

एवढ्याशा फरकाचे काय मोठेसे, असे कुणी म्हणेल. पण फरक मोठा आहे. अँडेसाइटला नाव मिळाले आहे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावरून. पृथ्वीवर हा दगड मुख्यतः अशा ठिकाणी होतो जिथे समुद्राचा तळ दुसऱ्या भूपट्टाखाली सरकतो आणि सोबत पाणी खाली नेतो. त्या पाण्यामुळे खोलवरचा खडक लवकर वितळतो. मग मंगळावर एवढा अँडेसाइट असेल, तर त्याच्या पोटातही असे काही घडले होते का? एका दगडाच्या नावावर साऱ्या ग्रहाचा इतिहास अवलंबून होता.

२००२ मध्ये मायकेल वायट आणि हॅरी मॅकस्वीन यांनी वेगळी बाजू मांडली. उत्तरेच्या वर्णपटात सिलिकायुक्त ज्वालामुखी काच दिसते असे म्हणतात, पण काही चिकणमातीच्या खनिजांची खूणही जवळजवळ तशीच असते. म्हणजे तिथे मूळचा बेसॉल्टच असेल आणि पाण्याने त्याचा वरचा थर बदलला असेल. हे किरण दगडाचा अगदी वरचा, कागदाच्या जाडीएवढा थरच दाखवतात हे लक्षात घ्या. आतला दगड कसा आहे हे बाहेरचे पूट झाकून टाकते.

गंमत पहा. पाणी दोन्ही गोष्टींत आहे! एकीत ते ग्रहाच्या पोटात आहे, दुसरीत पृष्ठभागावर. आकडे तेच, आलेख तोच, इतिहास मात्र दोन. यंत्राने आलेख दिला, दगडाला नाव दिले ते माणसांनी. ते देताना आपल्या यादीत कोणती खनिजे धरली होती, यावर पुष्कळ काही ठरले.

पुढे जानेवारी २००४ मध्ये स्पिरिट ही गाडी गुसेव्ह विवरात उतरली. तिथल्या मैदानातले दगड बेसॉल्टच निघाले. ते काही उत्तरेचे मैदान नव्हे, त्यामुळे वाद तिथे मिटला असे म्हणता येणार नाही. पण मंगळ बहुतांशी बेसॉल्टचा आणि उत्तरेत त्यावर पाण्याने काही बदल झाले, या मताकडेच आता पारडे झुकले आहे.

हे शहाणपण पुढे उपयोगी पडणार आहे. २०१९ मध्ये लॉरा क्रीडबर्ग आणि सहकाऱ्यांनी स्पिट्झर दुर्बिणीतून सुमारे ४९ प्रकाशवर्षांवरच्या एलएचएस ३८४४ बी या ग्रहाची उष्णता मोजली. त्याचा पृष्ठभाग गडद, बेसॉल्टसारखा असावा असे अनुमान निघाले. तिथे कुठली गाडी उतरणार? वर्णपटावरच भिस्त ठेवावी लागणार, आणि म्हणून नाव देताना अधिक जपून राहावे लागणार.

शेवटी एक आपल्या घरची गोष्ट. उल्कापाताने बेसॉल्टमध्ये झालेली विवरे पृथ्वीवर फार थोडी, आणि मंगळावर मात्र जागोजागी. त्यामुळे आघात सोसलेल्या बेसॉल्टची अवरक्त खूण कशी बदलते हे पाहायला शॉन राइट, क्रिस्टेन्सन वगैरे मंडळींनी दगड अभ्यासले ते कुठले? बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचे! २०११ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तेव्हा लोणारला गेलात तर नुसते देऊळ आणि खारे पाणी बघून परतू नका. काठावरचा काळा दगडही जरा निरखून पहा. मंगळ ओळखायला त्याचीही मदत झाली आहे.