आमच्या घरचा पाळणा

स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे, असा संपादिकाबाईंचा आग्रह झाला. इतिहास म्हटला की गडकिल्ले आठवतात. मला मात्र आमच्या घरचा पाळणा आठवला.

माझ्या आजीचे लग्न १९२४ साली, बाराव्या वर्षी झाले. तिला नऊ बाळंतपणे झाली. त्यांतली चारच मुले जगली. गेलेल्यांची नावे ती दिवेलागणीला पुटपुटत असे. आईला आम्ही तिघे. मला एकच मुलगी. आणि गेल्या दिवाळीत ती मुलगी म्हणाली, “आई, आम्हांला मूल नको आहे.” खोटे कशाला सांगू? दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. ‘आजच्या मुली सुखासीन झाल्या’ हे वाक्य माझ्याही ओठांवर आले होते.

मग मी जुनी पुस्तके काढून बसले. आजीचे लग्न होण्यापूर्वीच, १९२१ साली, रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले होते. या कार्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. तरी १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यांनी व मालतीबाईंनी स्वतः मूल होऊ दिले नाही. सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला तो १९५२ साली. आजीपर्यंत यातले काहीच पोहोचले नाही.

पुढे देवीची साथ हटली, लसी आल्या. जन्मलेले मूल जगेल असा भरवसा आला, तेव्हा चार जगावीत म्हणून नऊ होऊ देण्याची गरज उरली नाही. मुली शाळेत गेल्या, लग्नाचे वय वाढले. १९९२-९३ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात दर स्त्रीमागे सरासरी २.९ मुले होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती १.७ झाली. पिढी तेवढीच राहण्यास २.१ लागतात. म्हणजे पाळणा खरोखरच थांबू लागला आहे, आणि म्हाताऱ्यांची काळजी कोण घेणार, हा प्रश्न खोटा नाही.

परंतु त्याचा दोष मुलींच्या माथी मारणे मला पटेनासे झाले आहे. शहरातले घर परवडत नाही, नोकरी दोघांनाही सोडता येत नाही, आणि मूल आजारी पडले की रजा आईनेच घ्यायची! ज्यांना मूल हवे आहे, त्याही एकावर थांबतात त्या यामुळेच. नातवंडे हवीत असे म्हणणाऱ्या आपण किती जणी दुपारी शेजारणीचे मूल सांभाळतो? आपल्या मंडळाच्या खोलीत पाळणाघर का निघू नये?

आजी सुखी होती का, हे मी सांगू शकत नाही. तिला किती मुले हवी होती, हे मात्र कोणीच कधी विचारले नाही. माझ्या मुलीने निदान स्वतःला विचारून उत्तर दिले. तिसऱ्या दिवशी मी तिला फोन केला आणि म्हटले, “चकल्या उरल्या आहेत, दोघे जेवायला या.”