मान डोलावणाऱ्यांचा किल्ला

दिवाळीची सुटी लागली की पुण्याच्या वाड्यावाड्यांतून माती, विटा आणि पोत्याचे तुकडे यांची पळवापळव सुरू व्हायची, हे आमच्या पिढीच्या वाचकांना सांगायला नको. चार पोरे, बादलीभर चिखल आणि कुंभाराकडून आणलेले पाचपंचवीस मावळे, एवढ्या भांडवलावर राजगड उभा राही. अळीव उगवले की जंगल झाले आणि आरशाचा तुकडा ठेवला की तळे! मग त्या गडावर आम्हीच तानाजी आणि आम्हीच बाजीप्रभू.

२०२० सालची दिवाळी निराळी होती. साथीमुळे शाळा बंद, आणि मी मास्तर असून मोबाइलच्या पडद्यावरून शिकवीत होतो. सुटीत बहिणीकडे गेलो, तर अंगणातली माती तशीच पडलेली आणि भाचा संगणकापुढे! माझ्यातला मास्तर खवळला. "किल्ला करायचा सोडून डोळे कसले फोडतोस?" मी म्हणालो. भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, बस जरा. हा खेळ आपल्या पुण्यात तयार झालाय."

मी बसलो तो रागानेच. पण तासाभराने उठलो तेव्हा चहा निवून गेला होता.

त्या खेळाचे नाव 'राजी: अॅन एन्शन्ट एपिक'. राजी ही कसरती करून पोट भरणारी मुलगी. रक्षाबंधनाच्या जत्रेत असुर चाल करून येतात आणि तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. दुर्गा तिच्या हाती त्रिशूल देते, आणि बहीण भावाला सोडवायला निघते. तिने कोठे उडी घ्यावी, कोणता खांब चढावा, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. वरून दुर्गा आणि विष्णू तिच्याकडे पाहत आपसांत बोलत असतात. महाल राजस्थानी वळणाचे, रंग पहाडी चित्रशैलीचे, आणि मधली कथा छायाबाहुल्यांनी सांगितलेली. ते पाहून मला कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर आठवले. चामड्याच्या बाहुल्या दिव्यापुढे नाचवून रामायण सांगणारे! फरक एवढाच, की तेथे दोरी ठाकराच्या हाती आणि येथे माझ्या भाच्याच्या हाती.

घरी परतल्यावर मी या खेळाची जन्मकथा शोधू लागलो. 'नॉडिंग हेड्स गेम्स' हा तो स्टुडिओ. मराठीत सांगायचे तर 'मान डोलावणारी मंडळी'! अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांनी २०१७ साली तो पुण्यात उभा केला. खेळाची रचना सिंग यांची, तर चित्रांची बाजू श्रुती घोष यांची. पुण्याला हा धंदा अगदीच नवा नव्हता. 'यूबिसॉफ्ट' या फ्रेंच कंपनीने २००८ साली येथला स्टुडिओ विकत घेतला होता आणि शेकडो तरुण तेथे काम शिकले. पण दुसऱ्याच्या गडावर दगड वाहणे निराळे आणि आपला गड बांधणे निराळे.

गड बांधायला पैसा लागतो. त्याच वर्षी या मंडळींनी 'किकस्टार्टर'वर लोकवर्गणी मागितली. तेथला नियम कडक असतो. ठरलेला आकडा गाठला नाही, तर जमलेली पैही हाती येत नाही. आकडा गाठला गेला नाही. आपल्या घरचा मुलगा असे करू लागला असता, तर आपण सगळ्यांनी त्याला नोकरीचा अर्ज लिहायला बसवले असते. मी तर पहिला! त्यांनी गाठीचा पैसा घातला आणि काम चालू ठेवले. पुढे 'सुपर डॉट कॉम' हा प्रकाशक मिळाला.

१८ ऑगस्ट २०२० रोजी खेळ प्रसिद्ध झाला, तोही प्रथम 'निन्टेन्डो स्विच' या यंत्रावर. गंमत अशी, की ते यंत्र तेव्हा भारतात कंपनीकडून अधिकृतपणे विकलेच जात नव्हते! पुण्याची राजी आधी परदेशी घरांत पोचली आणि ऑक्टोबरात संगणकावर आली, तेव्हा कोठे माझ्या भाच्याला दिसली. डिसेंबरात जगातल्या मोठ्या 'गेम अवॉर्ड्स'मध्ये उत्तम पहिल्या खेळासाठी तिचे नाव पाच जणांत होते. पारितोषिक 'फास्मोफोबिया'ला गेले. खेळ लहान आहे आणि शेवट एकदम येतो, अशी तक्रारही झाली, आणि ती खोटी नाही. माझ्या भाच्यानेही "संपला?" म्हणून टेबलावर मूठ आपटली होती. २०२२ साली सुधारित आवृत्ती आली आणि राजी हिंदीत बोलू लागली.

अशा लहान कारखान्यांचे आयुष्य किती? जर्मनीत 'पिरान्हा बाइट्स' नावाचा असाच छोटा स्टुडिओ १९९७ साली निघाला. खेळणाऱ्याने एका पात्राची भूमिका घेऊन त्या जगात हिंडावे, असे त्यांचे खेळ. २००१ सालच्या 'गॉथिक'ने त्यांना नाव मिळवून दिले. २०१९ साली एका मोठ्या समूहाने तो विकत घेतला आणि २०२४ साली बंद केला. पण 'गॉथिक' मेला नाही. तोच खेळ नव्याने घडवण्याचे काम स्पेनमधल्या मंडळींनी हाती घेतले. आपल्याकडे तरी काय झाले? पाच भागीदारांनी १९२९ साली कोल्हापुरात 'प्रभात' काढली, १९३३ साली ती पुण्यात आली, आणि तिच्या 'संत तुकाराम'चा १९३७ साली व्हेनिसला गौरव झाला. पुढे प्रभात बंद पडली. तिच्या जागेत आज चित्रपटाची शाळा भरते, पण तुकाराम अजून पाहिला जातो.

नॉडिंग हेड्सच्या नशिबी काय आहे, ते काळच ठरवील. २०२५ साली त्यांनी 'राजी: कलियुग' या पुढल्या कथेची घोषणा केली आहे. मी एवढेच करतो, की वर्गात एखादा पोरगा वहीच्या मागल्या पानावर गड, भुयारे आणि राक्षस काढताना सापडला, तर पूर्वीसारखी वही जप्त करीत नाही. "या भुयारातून बाहेर कसे पडायचे रे?" म्हणून विचारतो. उत्तर बहुधा तयार असते.

आणि हो, त्या वर्षी नरकचतुर्दशीला भाच्याने किल्ला केलाच. दिंडी दरवाजावर त्याने कागदाची एक मुलगी उभी केली होती. तिच्या हातात त्रिशूल होता.